माझ्या हातची काडी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी तोंड वाकडं करायला नको. मी जगदीश मेस्त्रीवर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगली दोन वर्षं जळत होतो आणि तोंडावर गोड बोलत होतो.

मी सीताराम धोंडू घाडी. काळाचौकीच्या आमच्या चाळीत मला सगळे अण्णा म्हणतात, पूर्ण नाव फक्त गिरणीच्या हजेरीबुकात. परळच्या एका गिरणीत मी माळी होतो. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला गुलाबाची बाग लागायची, ती माझी. म्हणजे जागा गिरणीची, पण वीस वर्षं हात माझा. तिथे एक झाड होतं, गोरा मॅनेजर विलायतेला जाताना मागे ठेवून गेलेलं. काळपट लाल फूल, बशीएवढं. वास तर असा की पाळी सुटल्यावर घरी पळणारी माणसंसुद्धा दोन मिनिटं कठड्याशी थांबायची. आम्ही त्याला साहेबाचा लाल म्हणायचो. अख्ख्या परळ-लालबागेत ते एकच झाड, आणि त्याचा डोळा मी कोणाला म्हणून दिला नव्हता.

डोळा म्हणजे काय ते सांगतो. गुलाबाच्या काडीवर पानाच्या देठापाशी बारीक कोंब असतो, तो डोळा. तो सालीसकट अलगद काढायचा, जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर देऊन आत बसवायचा आणि वरून सुताने बांधायचा. खुंट जंगली असला तरी फूल त्या डोळ्याचं येतं. पण काडीची पानं छाटली, काटे मोडले की ती कुठल्या झाडाची हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. बोटांना कळतं. पण तशी बोटं तयार व्हायला वर्षं जातात.

जगदीश आमच्याच चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहायचा. मालवणकडचा पोर, गिरणीत सूत काढायच्या साच्यावर कामाला. जेवणाच्या सुट्टीत भाकरी हातात घेऊन बागेच्या कठड्यावर येऊन बसायचा आणि माझे हात बघत राहायचा. शिकवा असं कधी म्हणाला नाही. मीच एक दिवस म्हटलं, "बघतोस काय नुसता? धर हा चाकू." तिथेच चुकलं माझं!

सुरुवातीला एकदा मी त्याला काडी दिली, तर त्याने ती उलटीसुलटी करून बघितली, अंगठा फिरवला. मी एक कानाखाली ओढली. "माझ्या हातची काडी तपासतोस? अरे, गुरूने दिलेली काडी डोळे मिटून घ्यायची असते. विश्वास नसेल तर चालू लाग." गाल चोळत म्हणाला, "चुकलं अण्णा. परत नाही तपासणार." आणि खरंच, त्यानंतर मी देईन ती काडी तो मुकाट्याने घ्यायचा.

पण बोटं पडली साचेवाल्याची. तुटलेला धागा चालत्या साच्यावर सांधायची सवय. डोळा बसवून झाला की गिरणीच्या सुताचे चार वेढे आणि शेवटी साचेवाल्यांची ती बारीक गाठ. ना सैल, ना काचलेली. माझे दहातले तीन डोळे मरायचे, त्याचा एक मरायचा नाही. पोटात पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा.

मग छप्पन साल उजाडलं. जिकडेतिकडे संयुक्त महाराष्ट्र. आमच्या जिन्याखाली समितीचं ऑफिस, खांबांवर पत्रकं, पोरंटोरंसुद्धा झोपेत "झालाच पाहिजे" म्हणायची. जगदीश सत्याग्रहात पंधरा दिवस आत जाऊन आला. परत आला तेव्हा चाळीने त्याला हार घातले, नाक्यावर सभेत बोलायला लावलं. बोलला पण फक्कड! तेव्हापासून दर सभेला जगदीशचं भाषण. आणि ते पंधरा दिवस त्याच्या गॅलरीतल्या गुलाबांच्या तीस डब्यांना पाणी कोणी घातलं? मी. दोन माळ्यांची ये-जा करून, बादल्या वाहून. त्याबद्दल मला कोणी साधं सुपारीचं खांडसुद्धा दिलं नाही.

हे सगळं मी गिळलं. पण सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर जे झालं, ते काही गिळवेना.

रविवारची सकाळ होती. मी दारात बसून चाकूला धार लावत होतो. जिन्यावरून एक बाई आल्या, चष्मा, खादीची साडी, हातात फाईल. मला विचारतात, "अहो, ते गुलाबाचे तज्ज्ञ जगदीश मेस्त्री इथेच राहतात ना?"

तज्ज्ञ! माझ्या हातात चाकू, पायाशी माती, आणि मलाच विचारतात. मी बोट वर केलं. "तिसरा माळा. डबे दिसतील तिथे." बाई थँक्यू म्हणून वर गेल्या.

त्या पद्मजाबाई. गिरगावातल्या, परिषदेच्या चिटणीस. मुंबई आणि कोकणातल्या बागाईतदारांची परिषद भरणार होती, हिंदमाता टॉकीजजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, दोन दिवस. पुण्याचे प्रोफेसर, मोठमोठे जाणकार बोलणार. आणि एक तास प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या तज्ज्ञाचा. त्या तासाला जगदीश. स्टेजवर गुलाबाला डोळा भरून दाखवायचा आणि माहिती सांगायची. बाईंनी त्याच्या गॅलरीतले गुलाब वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिले होते. तो फोटोवाला आला तेव्हाही आमच्याच दारावरून वर गेला होता.

दुपारी जगदीश खाली आला, हातात ते छापील पत्र. "अण्णा, तुम्हीच चला ना. तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

"मला बोलता येतं का रे?" मी म्हटलं. "तुझं तोंड चालतं. जा तू." आणि आतून म्हणत होतो, एकदा तरी त्या बाईंना सांग ना मेल्या, की शिकवलं कोणी.

"मग एक मागू? डोळा साहेबाच्या लालचा हवा. तुमच्या हातची काडी असली म्हणजे मला धीर येईल."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं माझ्यावाचून अडलं होतं. मी हो म्हटलं.

तो गेल्यावर कौसल्या, माझी बायको, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तोंड असा कित्याक झाला तुमचा? तेना तुमचा काय वायट केल्यान?"

"काही नाही केलं."

"मगे?"

"मग काय मगे! वीस वर्षं काट्यांनी बोटं मी फोडून घेतली आणि स्टेजवर तो. तज्ज्ञ म्हणे!"

"तुमका माइक व्हयो तर तसा सांगा तेका. जळतास कित्याक उगाच?" म्हणाली आणि सूप आपटत आत गेली. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

परिषदेच्या दिवशी सकाळी मी बागेत गेलो. साहेबाच्या लालसमोर उभा राहिलो. चाकू काडीला लावला आणि मनात आलं, आज ह्याचा डोळा त्याच्या हातात गेला की संपलं. फूल येईल, लोक म्हणतील जगदीश मेस्त्रीचा लाल. मी खाली वाकलो. त्याच झाडाच्या बुडातून, खुंटातून, एक जंगली फुटवा वर आला होता. असले फुटवे आम्ही दिसले की छाटतो, त्याला फूल येतं ते पांढुरकं, चवलीच्या नाण्याएवढं, ना वास ना रूप. तो मी कापला. पानं छाटली, काटे मोडले, ओल्या फडक्यात गुंडाळला. हात थरथरत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. डोळा स्टेजवर भरला जाणार, टाळ्या पडणार, आणि अडीच महिन्यांनी तज्ज्ञाच्या रोपाला रानटी फूल येणार. मग बघू कोण कोणाला माळ्यावर शोधत येतं.

हॉल गच्च भरला होता. जगदीशच्या कोटाला तज्ज्ञाचा लाल बिल्ला, तो पहिल्या रांगेत. मी अकराव्या. पुण्याच्या प्रोफेसरांनी आंब्याच्या मोहोरावर पाऊण तास घेतला. चित्रं दाखवायचं यंत्र मध्येच बंद पडलं, तरी हे अंधारात बोलतच राहिले. मग एक डॉक्टर खतावर बोलले, औंसाऔंसाचा हिशोब. मी त्यांच्या नखांकडे बघत होतो. एकाच्याही नखात माती नव्हती. अध्यक्ष मध्येच बोलून गेले, "आपल्या ह्या द्विभाषिक राज्यात," तर मागून जो गलका उठला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अध्यक्ष घाबरून पाणीच प्यायले. तेवढ्यात जगदीशचं नाव पुकारलं. तो तुरुंगात जाऊन आल्याचं निम्म्या हॉलला माहीत होतं. अशा टाळ्या झाल्या की प्रोफेसरांचं तोंड बघण्यासारखं झालं.

जगदीशने खुंटाची कुंडी समोर घेतली. फडकं सोडलं, काडी हातात धरली. त्याचा अंगठा काडीवर एकदा थांबला. एक श्वासभर. त्याने मान वर करून हॉलमध्ये कोणाला तरी शोधलं. मग खाली बघितलं, चाकू चालवला, डोळा काढला, बसवला, सुताचे वेढे दिले, गाठ मारली. पुण्याचे प्रोफेसर उठून जवळ गेले. "वा! ही गाठ कुठली?"

"ही साच्यावरची, साहेब. बाकी सगळं माझ्या गुरूंचं." माइक जवळ ओढून तो म्हणाला, "श्री. सीताराम धोंडू घाडी. गिरणीत माळी आहेत. काळाचौकीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चाकू त्यांनी हातात दिला. ही काडीसुद्धा आज सकाळी त्यांनीच स्वतः कापून दिली. मी नुसती बांधली. ह्या रोपाला जे फूल येईल, ते त्यांचं."

माझं पूर्ण नाव. लाउडस्पीकरवर. मला वाटलं जमीन फाटावी. लोक माना वळवून बघायला लागले, शेजारच्याने कोपर मारलं, "तुम्हीच का हो?" अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, रोप गुरूंच्याच बागेत राहू दे. फेब्रुवारीअखेर ह्याच हॉलमध्ये पुष्पप्रदर्शन आहे, तिथे ते मांडू आणि पाटीवर गुरूंचं नाव लिहू. पद्मजाबाई धावत माझ्याकडे आल्या. "त्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं की हो! अगदी ओशाळल्यासारखं झालं." मी काहीतरी हसलो.

कुंडी माझ्या बागेत आली आणि माझी झोप गेली. ज्या नावासाठी मी दोन वर्षं जळलो, ते नाव आता त्या रानटी डोळ्याला चिकटलं होतं. सगळी परिषद येऊन बघणार, सीताराम धोंडू घाडी, आणि वर चवलीएवढं पांढुरकं फूल. उपटून टाकावं, तर म्हणतील गुरूने रोप मारलं. गाठ सोडून खरा डोळा बसवावा, तर ती साचेवाल्याची गाठ मला सोडता येते, बांधता येत नाही. आणि हा पठ्ठ्या दर जेवणाच्या सुट्टीत येऊन रोपाला हात लावून जायचा. "कसं आहे अण्णा आपलं रोप?" विचारायचा. मी म्हणायचो, "बरं आहे." काय सांगणार, कप्पाळ?

परिषदेनंतर तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं होतं. परत आलो तर साहेबाच्या लालची एक काडी तिरक्या कापाने कापलेली दिसली. मॅनेजरीणबाईंनी फुलदाणीसाठी नेली असणार म्हणून मी त्यांच्या नावाने बोटं मोडली आणि विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी डोळा फुटला. मी चष्मा पुसून वाकून बघितलं. जंगली गुलाबाचा कोंब निघतो फिकट हिरवा. हा निघाला होता तांबडा, तांब्याच्या नव्या तारेसारखा. असला कोंब परळमध्ये एकाच झाडाला येतो.

मी तिथेच मातीत बसलो. मी काय कापून दिलं होतं ते मला माहीत होतं. मग ती तिरक्या कापाची काडी आठवली. गाठ निरखून बघितली. गाठ जगदीशचीच, पण सूत नवं.

जेवणाच्या सुट्टीत तो आला तेव्हा मी कोंबाकडे बोट केलं. "हे काय रे?"

तो कठड्यावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्हाला सांगायचं राहिलं अण्णा. पहिला डोळा काळा पडला होता. तुम्ही ऑफिसात होतात, म्हणून न विचारता दुसरा भरला. रागवू नका."

तिसऱ्या दिवशी कुठला डोळा काळा पडतो? आठ दिवस तो हिरवागार असतो, हे मीच त्याला शिकवलं होतं.

"स्टेजवर काडी हातात घेतलीस तेव्हा," मी म्हटलं आणि गाठीवर बोट ठेवलं.

"तुमच्या हातची काडी मी तपासत नाही, अण्णा," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंय." आणि भाकरी खायला लागला. चटणी लागलेला तुकडा माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि चावत बसलो.

आता वाटेल की माझा हेवा तिथे संपला. कसला संपतोय! उलट वाढला. च्यायला, बोटं ह्याची चांगली, तोंड ह्याचं चांगलं, आणि आता मनसुद्धा ह्याचंच मोठं? माझ्याकडे काय ठेवलंय देवाने? चार दिवस मी कौसल्येशी धड बोललो नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रदर्शन भरलं. रोपाला एकच फूल, पण काय फूल! काळपट लाल, बशीभर. हॉलच्या दारातच वास यायचा. पाटीवर सुबक अक्षरांत माझं नाव, त्याखाली पहिल्या बक्षिसाची रेशमी फीत. पद्मजाबाईंनी मला हाताला धरून स्टेजवर नेलं. "आता तज्ज्ञ म्हणून दोन शब्द तुम्ही बोला." माझ्या कोटाला बिल्ला लावला. समोर माइक. पहिल्या रांगेत प्रोफेसर, डॉक्टर. जगदीश अकराव्या रांगेत, हात बांधून उभा.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी माइक धरला.

"हे फूल माझं नाही," मी म्हणालो. "मी दिलेला डोळा जंगली होता. मुद्दाम दिला होता. मी जळत होतो ह्याच्यावर. हे फूल जगदीशचं आहे."

मग प्रोफेसर हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. "गुरू असावा तर असा! शिष्याला मोठं करण्यासाठी स्वतःवर घेतोय!" सगळा हॉल टाळ्यांनी भरून गेला. मी ओरडून म्हटलं, "अहो, खरंच सांगतोय!" तर टाळ्या आणखी वाढल्या. पद्मजाबाई पदराने डोळे टिपत होत्या. जगदीश टाळ्या वाजवत नव्हता. तो तेवढा एकटा माझ्याकडे सरळ बघत होता.

बिल्ला मी जिन्यात काढून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी बागेत गेलो आणि साहेबाच्या लालची सगळ्यात चांगली काडी कापली, पाच डोळ्यांची. पानं छाटली नाहीत, काटे मोडले नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तिसऱ्या माळ्यावर चढलो. गुडघे दुखत होते. आजवर पाणी घालायला वर गेलो होतो, काही द्यायला पहिल्यांदाच.

जगदीश डब्यांपाशी बसला होता. मी फडकं पुढे केलं. तो उठला, दोन्ही हातांनी घेतलं, आणि नेहमीसारखं न बघताच बाजूला ठेवायला वळला.

"थांब," मी म्हटलं. "तपास आधी."

"अण्णा, असू दे."

"तपास म्हणतो ना! ती कानाखाली मारली होती ना, ती मी परत घेतली. बघ नीट."

त्याने फडकं सोडलं. पान बघितलं, काटा बघितला, अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला, मग काडी उलटी करून पुन्हा फिरवला. एकही डोळा सोडला नाही. मी म्हटलं होतं म्हणून नुसतं दाखवायला नाही, खरोखर तपासली. मला ते लागलं. मी खाली मान घालून तो संपवेपर्यंत उभा राहिलो.